नागपूरच्या काळ्या मातीत रानआवळी कशी वाढवावी

थंडी पडू लागली की नागपूरच्या बुधवार बाजारात दोन प्रकारचे आवळे शेजारी शेजारी दिसतात. एक मोठा, चकचकीत, तराजूत तोलून विकला जाणारा. तो कलमी बागेतला असतो. दुसरा सुपारीहून थोडाच मोठा, कधी अंगावर तांबूस झाक असलेला, टोपलीपुढे वाटे मांडून विकला जाणारा. तो रामटेक-पारशिवनीकडच्या जंगलातून येतो. या दुसऱ्या आवळ्याचे झाड आपल्या अंगणात किंवा सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, कसे लावावे आणि कसे टिकवावे, हे या लेखात सांगायचे आहे. दोन्ही आवळे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीचे, म्हणजे फायलॅन्थस एम्ब्लिकाचे आहेत. बनारसी, चकैया, कृष्णा, कांचन, एनए-७ हे बाजारातले वाण माणसाने मोठ्या फळासाठी निवडून, डोळे भरून (निवडक झाडाची कळी दुसऱ्या रोपाच्या खोडात बसवून) वाढवले, आणि रानआवळी मात्र बियांवरून, जंगलात जशी उगवते तशीच राहिली.

मोठे फळ हवे असेल तर कलम लावणे सोपे आहे, आणि ते लावण्यात काही कमीपणाही नाही. तरीही मी रानआवळीचा आग्रह धरते, कारण ती या प्रदेशाची आहे. विदर्भाच्या सागवनात मोहा, तेंदू, चार (चारोळीचे झाड), धावडा आणि बेहडा यांच्या सोबतीने ती वाढते, बरड उतारावर उभी राहते आणि मे महिन्याचे ऊन कोणाच्याही मदतीशिवाय सोसते. दुसरे कारण असे की, अनेक जंगलांत फळांसाठी आवळीच्या फांद्याच तोडल्या जातात आणि त्यामुळे पुढच्या वर्षांचे फळ व बी दोन्ही बुडते. घराघरांत वाढलेल्या झाडांनी ही हानी भरून निघणार नाही, परंतु रानातल्या बियांचा वंश शहरात काही ठिकाणी तरी जपला जाईल.

झाडाची ओळख आणि त्याचे वर्ष

लागवडीपूर्वी या झाडाचा स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे, कारण आवळीच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका तिचे वर्ष न कळल्यामुळे होतात. खडकाळ जागी ती आठ-दहा फुटांवर थांबते आणि झुडपासारखी बुडापासून फाटलेली दिसते; चांगल्या मातीत ती पंचवीस फुटांपर्यंत जाते. साल करडी आणि गुळगुळीत असते व तिचे पातळ पापुद्रे निघतात.

आवळीचे एक ‘पान’ हातात घेऊन पाहावे. चिंचेच्या पानासारखे ते संयुक्त पान, म्हणजे अनेक छोट्या पर्णिकांचे मिळून एक पान, वाटते, पण तसे नाही. ती हातभरापेक्षा लहान, कोवळी काडी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दिसतात ती एकेकटी, स्वतंत्र पाने असतात. याची खूण अशी की, वसंतात याच काडीवर, त्या इवल्या पानांच्या बगलेत, मोहरीहून थोडी मोठी हिरवट पिवळी फुले येतात; खऱ्या संयुक्त पानाच्या पर्णिकांच्या बगलेत फुले कधीही येत नाहीत. या काड्या कायमच्या नसतात. थंडी सरताना त्या पिवळ्या पडतात आणि पानांसह अख्ख्या गळतात. त्यामुळे फेब्रुवारीत झाड ओकेबोके दिसले म्हणून घाबरून पाणी आणि खताचा मारा करणारे अनेकजण मी पाहिले आहेत. झाड त्या वेळी आजारी नसते. ते नव्या काड्यांसाठी जागा करत असते.

नव्या काड्या फुटतात त्याबरोबरच, साधारण मार्च-एप्रिलमध्ये, फुले येतात. नर फुले असंख्य असतात. मादी फुले मोजकीच आणि बहुधा काडीच्या टोकाकडच्या भागात असतात. यानंतर जे घडते ते मला या झाडातले सर्वांत विलक्षण वाटते. परागीकरण झालेले मादी फूल लगेच वाढत नाही. एप्रिल, मे आणि जूनचा सगळा कडक उन्हाळा ते टाचणीच्या टोकाएवढे होऊन काडीला चिकटून, जवळजवळ निद्रिस्त राहते आणि पावसाळा चांगला रुळल्यावर, जुलै-ऑगस्टच्या सुमारास, फुगू लागते. म्हणूनच मे महिन्यात झाडावर काहीच दिसत नाही आणि पोळ्याच्या सुमारास एकाएकी फांदीभर हिरवे मणी दिसतात. कार्तिकातल्या आवळी नवमीला आपण झाडाखाली पान मांडून बसतो तेव्हा फळ भरत आलेले असते, आणि पुढे नोव्हेंबर अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत ते पक्व होते.

जागा आणि माती

आवळीला दिवसभर ऊन हवे. इमारतीच्या उत्तरेकडे, जिथे हिवाळ्यात ऊन पोहोचत नाही, तिथे ती वाढेल पण फळणार नाही. भिंतीपासून किमान आठ ते दहा फूट आणि दोन झाडांमध्ये बारा ते पंधरा फूट अंतर ठेवावे. एकट्या झाडाला फळ कमी धरते, कारण स्वतःच्याच परागाने अनेक आवळी नीट फळत नाहीत. जागा असेल तर दोन रोपे लावावीत, नसेल तर शेजाऱ्यांना एक लावायला सांगावे. मधमाश्यांना मधले कुंपण आड येत नाही.

मातीबद्दल मात्र विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण नागपुरात रानआवळी मरते ती जवळजवळ नेहमी मातीत साचलेल्या पाण्यामुळे. हे झाड फार सोशिक आहे. ज्या चुनखडीच्या आणि क्षारयुक्त जमिनीत आपल्या संत्र्याची पाने पिवळी पडतात, तिथेही आवळी तग धरते, आणि बोअरवेलचे जड पाणीही ती चालवून घेते. परंतु मुळांशी आठवडाभर पाणी उभे राहिलेले तिला चालत नाही. नागपूरला वर्षाला सरासरी ११०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडणारी आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, भेगा बुजतात आणि पाणी खाली जाण्याची वाटच बंद होते.

मी पहिले रोप लावले तेव्हा सर्वत्र सांगितले जाते त्याप्रमाणे तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट खोल खड्डा खणून तो मुरूम, शेणखत आणि पोयट्याच्या मातीने भरला होता. जुलैत रोप तरारले, ऑगस्टच्या मध्याला शेंड्याकडून पिवळे पडले आणि गणपती येण्याआधी वाळले. रोप उपटले तेव्हा ते सहज हातात आले. मुळांवरची साल ओल्या कागदासारखी सुटली आणि तिला गटारासारखी दुर्गंधी येत होती. खड्ड्याच्या तळाशी वीतभर पाणी होते. घट्ट काळ्या मातीत भुसभुशीत भराव टाकलेला खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेला हौद असतो, हे मला तेव्हा कळले. आजूबाजूचे सगळे पाणी त्यात उतरते आणि बाहेर पडायला त्याला वाट नसते.

म्हणून आधी जमिनीची परीक्षा करावी. फूटभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. पाणी जिरले असेल तर जमीन योग्य आहे. चोवीस तासांनंतरही पाणी दिसत असेल तर खोल खड्डा करूच नये. त्याऐवजी जमिनीवर ओटा करावा. पाच ते सहा फूट व्यासाच्या वर्तुळातली माती उन्हाळ्यात कुदळीने वीतभर खोल उकरून मोकळी करावी, तिच्यात मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे आणि त्याच मिश्रणाचा दीड फूट उंच, कडेला उतरता होत जाणारा ढिगारा रचावा. मुरूम साधारण मातीइतकाच आणि शेणखत चार-पाच घमेली पुरते. सोबत किलोभर निंबोळी ढेप मिसळली तर वाळवीचा उपद्रव कमी होतो. ओट्याच्या उताराच्या बाजूला वीतभर खोलीचा चर काढून तो अंगणाबाहेर न्यावा. छताचे पाणी ज्या कोपऱ्यात पडते तो कोपरा टाळावा.

ज्यांच्या घराखाली मुरूम आहे, जसे शहराच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांलगतच्या अनेक वस्त्यांत आढळते, त्यांना उलटे करावे लागते. तिथे पाणी टिकत नाही, पण मुरमाचा थर कठीण असतो. म्हणून एप्रिल-मे मध्ये तीन फुटांचा खड्डा खणून, तो तापू देऊन, निम्मी काळी माती आणि निम्मा निघालेला मुरूम शेणखतासह परत भरावा. रानआवळीला मनापासून आवडणारी जमीन हीच आहे.

बियांपासून रोप

रानआवळीचे रोप रोपवाटिकेत क्वचितच मिळते. एकदा मी ‘जंगली आवळा’ म्हणून घेतलेले रोप प्रत्यक्षात कलमी निघाले. बुडाशी वीतभर उंचीवर डोळा भरल्याची तिरकी गाठ स्पष्ट दिसत होती आणि घाईत मी ती पाहिली नव्हती. जंगलातून रोप उपटून आणणे तर मुळीच करू नये. एक तर ते कायद्याने वर्ज्य आहे, आणि दुसरे म्हणजे आवळीचे सोटमूळ इतके लवकर खोल जाते की उपटलेले रोप जगत नाही. बाजारातून आणलेल्या रानआवळ्यांच्या बियांपासून रोप करणे हाच सरळ मार्ग आहे आणि तो कठीण नाही.

जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, हिरवेपणा जाऊन किंचित पिवळसर, अर्धपारदर्शक झालेली फळे घ्यावीत. हिरव्या फळातले बी अपक्व असते. फळे दोन-तीन दिवस पाण्यात ठेवून गर सोडवावा आणि आठळ्या स्वच्छ धुवाव्यात. जंगलात हे काम हरणे करतात: चितळ आणि भेकर आवळे गिळतात आणि रवंथ करताना आठळ्या तोंडातून टाकून देतात, त्यामुळे बी मूळ झाडापासून दूर, गर निघालेले असे जमिनीवर पडते. पुढचे काम ऊन करते आणि तेच आपणही उन्हाकडून करून घ्यायचे आहे. धुतलेल्या आठळ्या ताटात पसरून कडक उन्हात ठेवाव्यात आणि ताटावर पातळ सुती कापड बांधावे. दोन-तीन दिवसांनी, दुपारी, ताटातून टिकटिक असा आवाज येऊ लागतो. कठीण आठळी शिवणींवर तडकते आणि आतले बी उडून कापडावर आदळते. कापड बांधले नसेल तर बिया अंगणभर शोधत बसावे लागते. प्रत्येक आठळीत तीन कप्पे असतात व प्रत्येक कप्प्यात दोन, अशा सहा बिया निघतात. त्या तपकिरी, त्रिकोणी आणि तिळाहून थोड्या मोठ्या असतात. हातोडीने आठळी फोडण्याचा मोह टाळावा, कारण निम्म्या बिया चिरडतात.

बिया रात्रभर पाण्यात भिजवाव्यात आणि तरंगणाऱ्या काढून टाकाव्यात. बी फार काळ ठेवल्यास त्याची उगवण घटते, म्हणून त्याच मार्च महिन्यात पेरावे. पिशव्या उंच असाव्यात. दहा ते बारा इंच उंचीच्या पिशवीत सोटमूळ सरळ उतरते, बसक्या कुंडीत ते गोल फिरते आणि असे झाड पुढे वादळात कलंडते. माती, वाळू आणि शेणखत समभाग घेऊन प्रत्येक पिशवीत दोन-तीन बिया बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोल पेराव्यात. ओल सतत असावी, चिखल नसावा. दोन ते तीन आठवड्यांत कोंब दिसतात. एप्रिल-मे मध्ये पिशव्या हिरव्या जाळीखाली किंवा कडुनिंबाच्या विरळ सावलीत ठेवाव्यात आणि प्रत्येक पिशवीत एकच जोमदार रोप राखावे. त्याच पावसाळ्यात वीत-दीड वीत उंचीची रोपे लावण्याची घाई न करता त्यांना पिशवीत, किंवा मुळे तळाला आली असल्यास मोठ्या पिशवीत, पूर्ण वर्ष काढू द्यावे आणि पुढच्या वर्षी जमिनीत लावावे, असा माझा सल्ला आहे. लहान रोपे लावलेल्यांची निम्मी रोपे गोगलगायी आणि तण खाऊन टाकतात.

लावणी, पाणी आणि छाटणी

मृग बरसला म्हणून लगेच लावू नये. एक-दोन चांगले पाऊस होऊन जमीन आतपर्यंत गार झाल्यावर, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, ढगाळ दिवशी संध्याकाळी लावणी करावी. पिशवी ब्लेडने उभी कापून मातीचा गड्डा न फोडता रोप ठेवावे, पिशवीत होते त्याच पातळीवर माती आणावी आणि रोपाला एक काठी सैल बांधावी. पावसाळ्यात आळे करू नये, उलट बुडाशी माती चढवावी. आळे दिवाळीनंतर करावे.

पहिली दोन वर्षे पाणी आवश्यक आहे: हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी, मार्चपासून आठवड्यातून दोनदा. बुडाभोवती वाळलेल्या पानांचा किंवा गवताचा चार बोटे जाड थर द्यावा, पण तो खोडाला चिकटू देऊ नये. नागपुरात २३ मे २०१३ रोजी तापमान ४७.९ अंशांवर गेले होते. अशा उन्हात दोन वर्षांच्या रोपालाही पश्चिमेकडून तुऱ्हाट्यांचा आडोसा लागतो. थंडीचीही काळजी पहिल्या वर्षीच घ्यावी. डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तेव्हा कोवळे शेंडे जळाले. मोठ्या झाडांना काही झाले नाही.

झाड फुलावर येऊ लागले की पाण्याचा हिशेब बदलतो. फुलोऱ्याच्या काळात, म्हणजे मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, मोठ्या झाडाला पाणी देऊ नये. त्या वेळी दिलेले पाणी नवी वाढ चेतवते आणि फुले गळतात. बाजारात आवळे विकणाऱ्या एका मावशींना मी माझ्या झाडाला फळ का धरत नाही असे विचारले होते. झाडाला पाणी कधी देता, हे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “जंगलात याले चैतात पानी कोन देते जी?” पुढच्या चैत्रात मी पाणी बंद ठेवले आणि त्या वर्षी झाड पहिल्यांदा भरले. आंबिया बहार (फुलोरा) घेणारे संत्रा बागायतदार पाणी तोडून झाडाला ताण देतात, त्यातला अर्थ आवळीच्या बाबतीत अधिकच खरा आहे, कारण तिची फळधारणा मुळातच पावसाची वाट पाहण्यासाठी घडलेली आहे.

खत वर्षातून एकदा, पावसाच्या सुरुवातीला, झाडाच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे दहा किलो शेणखत या हिशेबाने द्यावे आणि पन्नास किलोंच्या पुढे वाढवू नये. रासायनिक खताची गरज मला कधी भासली नाही.

अंगणात झाड आटोपशीर, झुडपासारखे हवे असेल तर ते पहिल्या दोन वर्षांतच घडवावे लागते. खोड कमरेएवढे झाले की शेंडा छाटावा आणि निरनिराळ्या दिशांना जाणाऱ्या चार-पाच फांद्या राखून बाकीच्या काढाव्यात. खोडाशी अरुंद कोन करून सरळ वर जाणारी फांदी ठेवू नये. आवळीचे लाकूड ठिसूळ असते आणि असा सांधा वादळात फाटतो. पुढे दरवर्षी फळे उतरल्यावर, नव्या काड्या फुटण्यापूर्वी, वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि खाली लोळणाऱ्या फांद्या काढाव्यात व मोठ्या कापावर बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावा. दोनशे लिटरच्या पिंपात रानआवळी वाढवण्याचा प्रयत्नही मी करून पाहिला, पण तिची मुळे त्यात समाधानी राहत नाहीत. जागा खरोखरच कमी असेल तर करवंदाची जाळी लावावी. तीही आपल्याच रानातली आहे, काटेरी कुंपण होते आणि तीन-चार वर्षांत फळते.

कीड आणि रोग

रानआवळीला औषधाची गरज क्वचितच पडते, तरी तीन गोष्टींवर नजर ठेवावी. पावसाळ्यात कोवळ्या शेंड्यावर लांबट गाठ दिसली तर तिच्या आत शेंड्याची अळी असते. गाठीच्या खालून फांदी कापून जाळावी, फवारणीचा उपयोग होत नाही. खोडाच्या बेचक्यात भुशाची आणि विष्ठेची जाळी लटकताना दिसली तर ती साल खाणाऱ्या अळीची आहे. जाळी खरडून काढल्यावर खाली पेन्सिल जाईल असे छिद्र सापडते. त्यात तारेने अळी टोचावी, रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा घालावा आणि छिद्र चिखलाने बंद करावे. दुर्लक्ष केल्यास पूर्ण फांदी वाळते. पावसाळ्याच्या अखेरीस पानांवर व फळांवर तांबूस फोड आले तर तो तांबेरा असतो. रोगट फळे व गळलेल्या काड्या वेचून नष्ट केल्या आणि झाडाचा मध्यभाग मोकळा ठेवला की तो आटोक्यात राहतो. फळ बाहेरून चांगले आणि कापल्यावर आत काळपट निघत असेल तर ती कीड नसून बोरॉनची कमतरता असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लिटरमागे सहा ग्रॅम बोरॅक्स विरघळवून पंधरा दिवसांच्या अंतराने फवारावे.

फळ

बियांवरच्या रानआवळीला फळ येण्यासाठी सहा ते आठ वर्षे लागतात. कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळते, आणि ज्यांना एवढा धीर नसेल त्यांनी आपल्याच रोपावर, खोड पेन्सिलीएवढे जाड झाल्यावर, पावसाळ्यात जाणत्या माळ्याकडून कलमी वाणाचा डोळा भरून घ्यावा. जंभेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवणारे हात नागपूरच्या आसपास पुष्कळ आहेत. माझे मत विचाराल तर दोन झाडांपैकी एकावर डोळा भरावा आणि दुसरे रानटीच राहू द्यावे.

फळे काठीने झोडपू नयेत. झोडपल्याने मार लागलेला आवळा दोन दिवसांत डागाळतो आणि शिवाय पुढच्या वर्षी काड्या जिथून फुटणार ते गाठाळ डोळे तुटतात. खालून वर, हाताला येतील तशी फळे खुडावीत आणि उंचावरची पाखरांसाठी ठेवावीत. रानआवळा मुरांब्याला लहान आणि धागेदार पडतो. पण मीठ-हळदीच्या पाण्यात मुरवायला, किंवा वाफवून, आठळी काढून, मीठ व ओवा लावून उन्हात सुपारी करायला त्याच्यासारखा दुसरा नाही. सुपारी करताना निघालेल्या आठळ्या वाफवलेल्या असल्याने त्या उगवत नाहीत. पुढच्या रोपांसाठी चांगली पिकलेली वीस-पंचवीस फळे आधीच बाजूला काढून ठेवावीत आणि त्यांच्या आठळ्या कापड बांधलेल्या ताटात उन्हात मांडाव्यात.